सूर्यचुलीचा मांडव

"आजपासून वऱ्हाडातल्या कुठल्याही चुलीतून धूर निघणार नाही!" विकास अधिकारी कमलाकांत हात उंचावून म्हणाले, आणि तिथंच त्यांना ठसका लागला. उपमंत्र्यांच्या चहाचं आधण मांडवामागच्या चुलीवर ठेवलं होतं आणि वारा नेमका तिकडूनच होता.

ही नुसती तालीम होती. उपमंत्री अजून दर्यापूरच्या विश्रामगृहात हार घालून घेत होते. ते गावात येईपर्यंत सरकारच्या सूर्यचुलीवर तुरीची डाळ शिजायला हवी होती. शिजली तर कमलाकांत अमरावतीला, बायकापोरांत. न शिजली तर बदली धारणीला, असं वरून कळलं होतं. धारणी म्हणजे मेळघाटाचं जंगल. पावसाळ्यात तिथं एसटी पोचत नाही, आणि पोचलीच तर परत येत नाही.

डोळे पुसून त्यांनी समोर पाहिलं. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेची ती चूल, परातीसारखी खोलगट, आरशासारखी लखलखीत, मांडवाच्या मधोमध गार सावलीत बसली होती. गळ्यात हार होता.

"खुशालराव, हिच्यावर मांडव कोणी घातला?"

"आमी," खुशालराव म्हणाले. गावातली निम्मी कपाशी त्यांची आणि मांडवाचे बांबूही त्यांचेच. "वैशाखाचं ऊन हाये साहेब. सरकारच्या घरून आलेल्या पाहुनीले उनात बसवावं काय?"

"अहो, ही उन्हावरच चालते!"

"चालत असंन. पन आल्या आल्या कामाले लावनं बरं दिसते काय?"

चौघांनी चूल उचलून बाहेर ठेवली. पाचवा तिच्यावर छत्री धरून चालत होता, त्याला कमलाकांतांनी हाकललं. डाळीचं पातेलं वर चढलं. ऊन असं की उघड्या डोक्याचा माणूस शिजावा. पण डाळ काही हलेना. वाकून पाहतात तो आरशावर भलं मोठं स्वस्तिक.

"नवी चूल बिनपूजेची पेटवते काय कोनी?" खुशालरावांच्या पत्नी गोदाबाई मांडवातूनच म्हणाल्या.

कमलाकांतांनी रुमालानं स्वस्तिक पुसलं. तेलात कालवलेलं कुंकू ते. पुसता पुसता आरसा काठापर्यंत लाल झाला आणि सूर्यनारायण त्यात मावळतीला आल्यासारखे दिसू लागले. त्यांनी राख मागवली, माती मागवली, शेवटी स्वतःच्या धोतराचा सोगा लावला. चुलीभोवती फेऱ्या मारल्या. झाकण उचललं. बोट बुडवलं. पाणी आंघोळीपुरतं कोमट झालं होतं.

"साहेब, असं घडीघडी झाकन उचलसान तं आमच्या चुलीवरचंही शिजत नाही," खुशालराव म्हणाले.

कमलाकांतांनी झाकण ठेवलं. मग पुन्हा उचललं.

तेवढ्यात सडकेवर धुरळा उठला. मोटारी आल्या. उपमंत्री उतरले ते थेट मांडवात शिरले, आणि तिथूनच, सावलीतून, उन्हातल्या चुलीकडे पाहून त्यांनी नमस्कार केला.

"जवळून पाहता का, साहेब?" कमलाकांतांनी नको ते विचारलं.

"दिसतंय की इथून. भूक लागलीय."

पंगत बसली. वाफाळतं वरण आलं. ते गोदाबाईंनी पहाटेच घरात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर शिजवून ठेवलं होतं. पाहुणा पानावर बसवायचा आणि मग डाळ शिजायची वाट पाहायची, ही रीत त्यांच्या माहेरी नव्हती आणि सासरीही नव्हती.

उपमंत्र्यांनी भुरका मारला आणि डोळे मिटले. "वा! याला म्हणतात सूर्याची चव. धुराचा वास म्हणून नाही!"

कमलाकांतांच्या पानातल्या वरणाला धुराचा खमंग वास येत होता. त्यांचा घास हातातच राहिला. "साहेब, खरं म्हणजे हे वरण..."

"जेवा साहेब," खुशालरावांनी त्यांच्या पानात तुपाची धार धरली. "जेवतानी बोलू नये मानसानं."

कमलाकांतांना धारणी दिसली, जंगल दिसलं, चिखलात रुतलेली एसटी दिसली. त्यांनी घास गिळला.

"लोक जंगलं तोडतात, म्हणून पाऊस रुसतो, हवा बिघडते," उपमंत्री आता रंगात आले होते. "सरकारचं धोरण ठरलेलं आहे. लाकूड बंद, सूर्य चालू! पण मी म्हणतो, या कपाशीच्या मुलखात ही चूल कशाला? जिथं जंगल तुटतंय तिथं ती हवी. दोनशे चुली मेळघाटात पाठवतो. आणि सोबत हिच्यावर डाळ शिजवून दाखवणारा माणूस हवा." त्यांनी कमलाकांतांच्या पाठीवर थाप मारली. "तुम्ही जा धारणीला. उद्याच हुकूम काढतो."

टाळ्या झाल्या. मोटारी गेल्या. लोकांनी मांडवाचे बांबू सोडायला घेतले. कमलाकांत उन्हात चुलीशेजारी उभे होते. पातेल्यातल्या डाळीला आता कुठं पहिली उकळी फुटत होती, पण ते बघत नव्हते.

गोदाबाई पदरानं हात पुसत आल्या.

"साहेब, धारणीले चाललेच तुमी, तं एक काम करजा. तिकडं धावड्याचं सरपन गंज असते म्हनते. एक बैलबंडी भरून धाडून देजा बाप्पा."