मोरीवरचं गाऱ्हाणं

लाकडाचा ट्रक अखेर मोरीतच बसला. मागचं चाक स्लॅब फोडून आत, वर किंजळीचे ओंडके एका अंगाला कललेले. अख्खी वाडी रस्त्यावर लोटली. खोटं कशाला सांगा, मनस्वीला आनंदच झाला. लेकीला, ओवीला कडेवर मारून ती धावतच सुटली.

कालच अॅम्ब्युलन्सवाल्याने फोनवर बजावलं होतं, "ती खचलेली मोरी ओलांडून गाडी नाय आणणार." आणि घरात नणंद हेमा बाळंतपणाला आलेली, आज-उद्या कधीही.

"ह्या ट्रकांनी रस्त्याची चाळण केलीय. मोरी तरी बांधून द्या, शेठ," मनस्वी म्हणाली.

लाकूडवाले अजिंक्यशेठ लांज्याकडचे. उसळलेच. "मी? अहो, तुमच्या कुजक्या मोरीने माझा ट्रक गिळलाय! भरपाई मी मागायला हवी."

"मागा की! मोरी काय, देईल पोट साफ झालं की," मागून कोणीतरी बोललं आणि हशा पिकला.

साखळ्या लावल्या, जॅक लावला, ट्रक ढिम्म. घाम पुसता पुसता शेठचं लक्ष मोरीपलीकडच्या शेंदरी दगडाकडे गेलं. जागेवाला, इथला राखणदार देव! झाडांची तोड सुरू करताना त्याला नारळ द्यायचा राहिला होता. शेठचा चेहराच उतरला.

"महिपतबुवा, वाडीचे मानकरी तुम्ही. देवाला एक गाऱ्हाणं घाला. नारळ मी मागवतो."

महिपतबुवा म्हणजे मनस्वीचे सासरे. नारळ त्यांच्या हातात देताना ती हळूच म्हणाली, "आबा, देवाला सगळं सांगा हं. काही राखू नका."

आबांनी सुनेकडे पाहिलं. मिशी जरा हलली.

"बा देवा जागेवाल्या!"

"व्हय म्हाराजा!" वाडी गरजली.

"ह्या तुझ्या लेकराची गाडी अडकली, ती सुखरूप बाहेर काढ!"

"व्हय म्हाराजा!" डोळे मिटून, हात जोडून, शेठचा आवाज सगळ्यांच्या वर.

"त्याच्या धंद्याला यश दे. त्याची पोरंबाळं सुखी ठेव!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि त्याच्या गाड्यांनी मोडलेली ही मोरी तो आजच पाइप घालून भरतोय, तोड संपली की सगळा रस्ता डांबरून देतोय, तेवढी त्याला बुद्धी दे!"

"व्हय म्हाराजा!"

शेठने डोळे उघडले. सगळे त्यांच्याकडेच बघत होते. कोणी हसेना, कोणी हलेना.

"नाय नाय... ते आपलं सवयीने तोंडातून गेलं."

"देवाने ऐकलान," आबा म्हणाले, आणि खाडकन नारळ फोडला.

शेठची नजर त्या दोन भकलांवर गेली. मग खिशातून फोन काढला. "जेसीबी पाठव. पाइप पण. आणि खडी."

पलीकडचा माणूस एवढ्या मोठ्याने बोलला की सगळ्यांना ऐकू गेलं. "खडी? शेठ, गावाचा रस्ता आपण करायचा?"

शेठने जागेवाल्याकडे पाहिलं. मग कमरेवर हात ठेवून, पोट सांभाळत उभ्या असलेल्या हेमाकडे.

"व्हय," ते पुटपुटले.

आणि सगळी वाडी एका आवाजात ओरडली, "म्हाराजा!"