रंगाऱ्यांच्या गल्लीपर्यंत

“हे लोक पाणी कुठलं पितात?” बाबांनी विचारलं.

लेकीने समोरच्या कागदांवर नजर फिरवली. जेवणाच्या टेबलावर तिने चार कागद एकमेकांना चिकटवून मोठा नकाशा पसरला होता. तट, वेशी, बाजार, जादूगारांची शाळा, सगळं होतं. विहीर मात्र एकही नव्हती.

दर शनिवारी तिचे पाच मित्रमैत्रिणी घरी जमायचे. लेक गोष्ट रचायची, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं व्हायचे आणि फासे टाकून लढायचे, पळायचे, मरायचेही. बाबा इतकी वर्षं म्हणत आले होते, “घोडी झाली तरी खेळ सुटत नाही.” पण गेल्या शनिवारी मंडळी तिलाच हसली होती. तुझं शहर पुठ्ठ्याचं वाटतं म्हणाली, खरं वाटत नाही. म्हणून ती नाक मुठीत धरून बाबांकडे आली होती. एकतीस वर्षं त्यांनी नगरपालिकांमध्ये इंजिनिअर म्हणून काढली होती.

बाबांनी चष्मा पुसला, पेन्सिलीला टोक काढलं आणि तासाभरात शहराची पार झाडाझडती घेतली. कातडी कमावणाऱ्यांना नदीच्या वरच्या अंगाला बसवलंस, आता सगळं गाव त्यांची घाण पिणार. उचल त्यांना. उतार इकडे, मग गटार तिकडे कसं वाहील? तुझे जादूगार ढकलणार का? लेक हसत होती, खोडत होती, पुन्हा काढत होती. दोघं अशी एका कामावर वाकून शेवटची कधी बसली होती, कोण जाणे. चहा गार झाल्याचंही बाबांना भान नव्हतं.

“आता पूर,” लेक म्हणाली. “शनिवारी नदीला पूर आणणार आहे मी. राजाने पूरभिंत बांधलीय, पण दगड अर्ध्याच भिंतीला पुरलाय. कुठे थांबवू?”

बाबांनी विचार केला नाही. पेन्सिल वेशीपासून निघाली, धक्का, धान्याची कोठारं, बाजार अशी नदीकाठाने सरकत गेली आणि रंगाऱ्यांच्या गल्लीच्या तोंडाशी थांबली. तिथे त्यांनी एक छोटी आडवी रेघ मारली.

“वा! म्हणजे कोठारं वाचली आणि गल्ली गेली. हे खरं वाटतं, बाबा. एकदम खरं!” लेकीने वही ओढली. “आता गल्लीतलं एखादं माणूस द्या मला. शनिवारी मंडळींशी गाठ घालून देते.”

“शिंपी आहे एक,” बाबा म्हणाले. “पाणी चढायला लागलं तसं त्याने शिलाई मशीन डोक्यावर घेतलं आणि वरच्या रस्त्यावर नेऊन ठेवलं.”

“मशीन कुठलं हो, राजांचा काळ आहे. कापडाचं गाठोडं म्हणू.”

“गाठोडं म्हण. ते ठेवलं आणि आईला आणायला परत खाली गेला. ती पायांनी अधू होती.”

“मग?”

“मग कुठलं काय.”

लेक भराभर लिहीत होती. “वय किती धरू त्याचं?”

“चौतीस.”

तिचं पेन थांबलं. मनाने रचलेल्या माणसाचं वय कोणी इतक्या झटकन सांगत नाही.

“बाबा, हे कुठे झालं?”

“पहिल्या नोकरीच्या गावात. तू तेव्हा झाली नव्हतीस.” बाबा त्या आडव्या रेघेकडेच बघत होते. “तिथेही दगड पुरत नव्हता. साहेबांनी नकाशा माझ्यापुढे टाकला आणि म्हणाले, कुठे थांबायचं ते तू ठरव. मी ठरवलं. नियमात बसत होतं. चौकशीतही तेच निघालं. अकरा माणसं गेली आणि तुमच्या कामात काही चूक नाही, असा कागद मला मिळाला.”

“आईला कधी सांगितलंत हे?”

“तिला काय सांगणार? चूक नाही म्हणून कागद होता ना हातात.”

लेकीने खोडरबर उचललं. “पुसू का ही रेघ?”

“पुसून दगड वाढतो का?”

तिने खोडरबर खाली ठेवलं. ती पुन्हा नकाशावर वाकली. मग राजवाड्याच्या दोन मनोऱ्यांपैकी एकावर तिने बोट टेकवलं. “हा बांधलाच नसता तर?”

बाबांनी सवयीने कागदाच्या कोपऱ्यात आकडे मांडले. लांबी, रुंदी, उंची. एकदा मांडले, पुन्हा तपासले. तपासताना त्यांचा चेहरा उतरत गेला.

“पुरतो,” ते म्हणाले. “गल्ली ओलांडून पुढच्या वळणापर्यंत जाते भिंत.”

“तुमच्या त्या गावात होतं का असं काही?”

“कचेरीपुढे घड्याळाचा मनोरा बांधत होते. भिंतीच्याच खाणीतला दगड. माझ्या खिडकीतून दिसायचा रोज.”

“मग हा राहू दे, आधी भिंत करू, असं कोणीच कसं म्हटलं नाही?”

बाबांनी पेन्सिल टेबलावर ठेवली. ती घरंगळायला लागली, तशी हात आडवा धरून थांबवली.

“म्हणायला मीच होतो ना तिथे,” ते म्हणाले.