परत आलेली वाटी

"हवा स्वच्छ, बस वेळेवर, रस्त्याला खड्डा नाही. आता सांगा बाबा, साताऱ्यात काय जास्त आहे?" नॉर्वेतल्या स्वयंपाकघरात लेकीने मला पुन्हा कोंडीत पकडलं. मी कायमचं तिच्याकडे राहावं, असा तिचा हट्ट होता.

मुंग्या लागू नयेत म्हणून मी साखरेच्या डब्यात लवंगा टाकत होतो. "अहो, इथे मुंग्याही नाहीत!" ती हसली.

"तिकडे शेजारी गेलेली वाटी रिकामी परत येत नाही," मी चाचरत म्हणालो. "निदान चिमूटभर साखर तरी असते." इथल्या शेजारच्या आजींनी माझ्या शिऱ्याची वाटी लखलखीत घासून, पण रिकामीच परत केली होती.

"एवढ्यावरून देश नापास?"

पुढच्या आठवड्यात मी आजींना पुन्हा शिरा दिला. संध्याकाळी त्या वाटी घेऊन दारात आल्या. वाटीत काठोकाठ साखर होती. लेक माझ्याकडे न बघता कपबश्या पुसत राहिली.

साखर डब्यात ओतताना तिच्यातून एक लवंग निघाली.

ती मी गुपचूप तोंडात टाकली. "सुधारतोय तुझा देश," मी म्हणालो. "राहीन म्हणतो."