दोन भाकऱ्या जास्त

"पायल आज जिन्यात पडली, आई. चक्कर आली. चार दिवस नुसत्या पाण्यावर हाय."

फोनवर उत्कर्षाचा आवाज बारीक झाला होता. संयोगिताचा पिठाचा हात परातीतच राहिला.

दोघी पोरी बारावीच्या क्लाससाठी साताऱ्यात एका खोलीत राहायच्या. उत्कर्षाचा डबा रोज सकाळी उंब्रजहून एसटीनं जायचा. कंडक्टर हरिबा तो स्टँडवर उतरवायचा, संध्याकाळी रिकामा परत आणायचा. पायलचा तसाच लोणंदहून यायचा.

"पर अजून बी का खात न्हाई गं ती?"

"जाड दिसते म्हणती. घास गिळला की बाथरूममधी जाती. केस मूठमूठ गळत्यात. क्लासात लय जणी अशाच हायत."

संयोगिताला धडकी भरली. पायल नीट जेवत नाही असं उत्कर्षानं सांगितल्यापासून, दोन महिने ती तिच्यासाठी डब्यात दोन भाकऱ्या जास्त घालत होती. डबा परत यायचा तो घासूनपुसून लख्ख. रिकामा डबा बघूनच आईचं पोट भरतं, संयोगिता तरी त्याला अपवाद कशी असेल!

"तू जेवतीस ना?"

"अगं, डबा बघतीस की रोज."

बघत होती खरी. व्हिडिओ कॉलवर पोरगी भर एप्रिलात स्वेटर घालून बसायची. पंख्याचं वारं लागतं म्हणायची.

संयोगिताला राहवेना. दुसऱ्याची झाली तरी लेकच ती. उद्या काही बरंवाईट झालं तर आपल्याला माहीत असून आपण गप्प बसलो, हे पाप कुठं फेडायचं? खोलीच्या मालकिणीकडून तिनं पायलच्या आईचा नंबर मिळवला.

"भेटाय पायजे. फोनवर सांगण्यासारखं न्हाई."

पायलच्या आईनं, राजेश्वरीनं, कारणसुद्धा विचारलं नाही. "उद्या सकाळी स्टँडवर येते," एवढंच म्हणाली.

साताऱ्याच्या स्टँडवर ती आधीच येऊन बाकावर बसली होती. मांडीवर पायलचा डबा. संयोगिता तिच्या शेजारी बसली. लेक उपाशी मरतेय, हे एका आईला सांगायचं कसं?

"ताई, मन घट्ट करा," ती कशीबशी म्हणाली.

राजेश्वरीनं तिचा हात घट्ट धरला. डोळे भरून आले होते.

"म्हंजे तुमाला कळलं व्हय? मीच सांगणार हुते, पर धीर हुईना. तुमची उत्कर्षा काय बी खात न्हाई म्हणून पायल रोज फोनवर रडती. दोन महिनं झालं, तिच्यासाठी मी डब्यात दोन भाकऱ्या जास्त घालतीया."