रिकामं थडगं

म्हातारीने मुजरा केला नाही. ती नुसती सुभेदाराच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

"डोंगरातली माणसं, हुजूर. रीतभात ठाऊक नाही," दुभाषा चाचरत म्हणाला.

दरबंदचा सुभेदार बहमनखान याने हातानेच तिला बोलायची खूण केली. आठव्या वर्षी त्याला याच डोंगरांतून पकडून नेलं होतं. शहाच्या राजधानीत, इस्फहानात, कान्शाव हे नाव पुसून नवं नाव मिळालं, नवा धर्म मिळाला, हातात तलवार आली. आणि आता साठीला हा किल्ला. सकाळीच शहाचा हुकूम आला होता: बंडखोरांना थारा देणारं डोंगरातलं चेर्केस लोकांचं वरचं गाव जाळून टाका. हुकमासोबत मानाचा पोशाख होता. त्याचा पेटारा अजून उघडलेला नव्हता.

म्हातारी बोलू लागली. आपली बोली आपण केव्हाच विसरलो, असं खान समजत होता. पण दुभाष्याने तोंड उघडायच्या आत त्याला सगळं कळलं.

"मी नाग्वा. वरच्या गावातली मढी मीच न्हाऊ घालते. कान्शाव, तुला नेलं तेव्हा तुझ्या आईने तुझं रिकामं थडगं बांधलं होतं. परवा दरड कोसळली नि ते उघडं पडलं. आत माणूस होता. पांढरी दाढी. अंगात हिरवा झगा, त्यावर सोनेरी डाळिंबं."

"हिला हाकलू का, हुजूर?" दुभाष्याचं सांगून होताच नायब गुर्गीनने विचारलं.

खानाने पेटारा उघडायला लावला. आत हिरवं रेशीम होतं. नायबाने घडी मोडली, डाळिंबं पाहिली आणि हातातला झगा खाली ठेवला.

"वर येऊ नकोस, एवढंच सांगायला आले," म्हातारी म्हणाली.

खानाने तो झगा अंगावर चढवला आणि बावन्न वर्षांत न बोललेल्या बोलीत, शब्द चाचपडत विचारलं, "तोंड कसं होतं त्याचं?"

"खेळून दमलेलं पोर झोपतं ना, तसं."

खान उठला. "फौज इथेच राहील," तो नायबाला म्हणाला. "मी एकटा वर जातो."

"आणि शहाला काय कळवू?"

"कळव, गाव जळालं आणि सुभेदार तिथेच पडला."

"हे खोटं आहे, हुजूर."

"अर्धंच," खान म्हणाला, आणि म्हातारीच्या मागोमाग चालू लागला.