एक खोली जास्त

टेकडीखालच्या टपरीवर चहाचा ग्लास माझ्याकडे सरकवण्याआधी सदानंद चमच्याच्या कडेने त्यावरची साय अलगद काढून घेतात. मला साय आवडत नाही, हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही.

रोज सकाळी टेकडी चढणारे आम्ही सहा जण, तीन बायका आणि तीन पुरुष, फेब्रुवारीत नाशिकच्या दोन वायनरी बघायला जाणार होतो. पेन्शनमध्ये बसेल अशी सहल आखायचं काम कुंदाताईंकडे होतं. जेवणाला घरच्या दशम्या, वाइनची चव बघायला दोघांत एक ग्लास, इथपर्यंत सगळं जमलं. घोडं अडलं ते खोल्यांपाशी. खोली दोघांचीच, तिसरी गादी टाकू देत नाहीत. बायकांत मी उरले, पुरुषांत सदानंद.

"एकेकट्याला खोली? आपण काय द्राक्षांचे व्यापारी आहोत?" कुंदाताई म्हणाल्या. "मग दुसरी वायनरी रद्द."

"रद्द कशाला? तुम्ही जा, मी थांबतो," सदानंद म्हणाले. "मला तसंही कोकम सरबतच बरं."

सगळे हसले. सदानंद माझ्याकडे बघत नव्हते. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मला लग्नाचं विचारलं होतं. 'मुलीशी बोलून सांगते,' असं म्हणून मी तो विषय बाजूला ठेवला होता. मुलीने तर कधीच आनंदाने होकार दिला होता. अडून बसले होते ती मीच.

"एक खोली कमी करा, कुंदाताई," मी म्हणाले. "फेब्रुवारीच्या आधी आम्ही लग्न करतोय."