अभ्र्यावरचा हिरवा डाग

उशीच्या अभ्र्यावर हिरवा डाग दिसेना, तेव्हाच मला शंका आली. ब्राह्मीचं तेल हिरवंगार असतं. पहिल्या आठवड्यात अभ्रे धुऊन धुऊन कामवाली वैतागली होती.

माझ्या संधिवाताला नऊ वर्षं झाली. हल्ली उगाच धडधडायचं, रडू यायचं. डॉक्टरांनी त्यावरही गोळी सुरू केली. मग एका दुपारी वन्सं तेलाची बाटली घेऊन दारात उभ्या राहिल्या. "वहिनी, यानं मन शांत होतं." सासूबाई जाताना पाटल्या मला देऊन गेल्या, म्हणून अकरा वर्षं अबोला धरलेल्या वन्सं. आता रोज माझ्यामागे बसून डोकं चोळत होत्या. मी चोळून घेत होते, पण पाटल्यांच्या कपाटाची किल्ली कमरेलाच होती.

आज त्या हात धुवायला गेल्या, तेवढ्यात मी वाकड्या बोटांनी झाकण उघडलं. आत साधं खोबरेल होतं.

"ही ब्राह्मी?" त्या आल्यावर मी विचारलं.

वन्सं पदराला हात पुसत राहिल्या. "ती आठ दिवसांतच संपली. पण तुम्हाला डुलकी लागायला लागली होती. आणि समोर बसून तुमच्याशी बोलायचं धाडस नव्हतं, वहिनी. मागे बसलं की तोंड बघावं लागत नाही."

पाटल्यांचं नाव त्यांनी काढलं नाही. मी वाट पाहिली.

मग बाटली त्यांच्या हातात दिली आणि त्यांच्याकडे पाठ करून बसले. किल्ली टोचत होती. माझ्या हाताशीच ठेवली, पण कमरेची काढली.